शब्द एक, अर्थ दोन

छत्तीसगडातील मराठी पोलाद कारखान्याहून जुनी आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून गेले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार पाहिला. मराठ्यांच्या दप्तरी लेखनाची लिपी मोडी होती. पुढे मुद्रणाबरोबर देवनागरी रूढ झाली आणि मराठी व हिंदी एकाच अक्षरवळणात शेजारी आल्या. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईत कारखाना उभा राहिला, प्रांतोप्रांतीची कुटुंबे येथे वसली आणि हा शेजार घरोघरी पोहोचला.

या शेजारातील समरूप शब्दांचे दोन वर्ग पडतात. काहींचे मूळ एकच, पण वाटा वेगळ्या. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन. उच्चारशास्त्र हे वेदांगही त्याच नावाचे. हिंदीने तो अर्थ राखला. मराठीत मात्र शिक्षा दंडापुरती उरली आणि अध्ययनासाठी ‘शिक्षण’ आले. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरप्रपंच.

दुसऱ्या वर्गातील शब्दांचे कूळच भिन्न. मराठी ‘पीठ’ संस्कृत ‘पिष्ट’पासून आले, हिंदीतील पाठ या अर्थाचे ‘पीठ’ ‘पृष्ठ’पासून, विद्यापीठातील ‘पीठ’ म्हणजे आसन, ते तिसरेच. हिंदी ‘खाली’, म्हणजे रिकामा, अरबीतून आला; मराठी ‘खाली’ हा ‘खालचा’, ‘खालून’ यांचा सहोदर. छत्तीसगढीत ‘दाई’ म्हणजे आई, मराठीत सुईण.

परका शब्द घरात शिरला तर ओळखू येतो. समरूप शब्दाचा अर्थ मात्र अक्षरही न हलता बदलतो. भिलाईतील मुलाने ‘मी येथे शिक्षा घेतली’ असे लिहिले, तर नागपूरची आजी काळजीत पडेल. आणि पुढच्या पिढीला त्यात काही वावगे वाटले नाही, तर आजी-नातवंडांतील एक दुवा निखळला असे समजावे.

यावर उपाय हिंदीचा दुरावा नव्हे. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ही त्यांनी हिंदीत नेले. दोन्ही भाषांचे अर्थ नेमके ठाऊक असल्यावाचून असे कार्य होत नाही. हिंदी शेजारात मराठी माध्यमाची शाळा चालवण्याचे प्रयोजनही तेच : मुलाला दोन्ही अर्थ कळावेत आणि कोणता कोठे वापरावा, हे त्याचे त्याला ठरवता यावे.