आंदण देणाऱ्याची खोली

‘पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केलेले असते. मी वसईकडच्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या वाट्याला ते दरवर्षी येते. मुलांना त्याची मोठी मौज वाटते. लग्नात कुणी भांडी देतो, कुणी सोने देतो, फार तर दुभती गाय देतो. पण हा गृहस्थ बेट देऊन मोकळा झाला! केवढा उदार असेल आणि केवढा श्रीमंत असेल, असे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मोठ्यांच्या मनातलेही चित्र याहून फारसे निराळे नसते.

या उदार राजाचे नाव मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्याचे नाव अफोन्सो सहावा. त्याने आयुष्याची अखेरची नऊ वर्षे ज्या खोलीत काढली, ती खोली मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहून आले. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि कादंबऱ्या लिहिण्याचा नाद, एवढेच माझे भांडवल. पण त्या खोलीने मला जे सांगितले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

माझी भाची नोकरीनिमित्त लिस्बनला असते. ती म्हणाली, “मावशी, मला अर्धाच दिवस रजा आहे. गाडी ठरवू, सिंत्र्याचे राजवाडे पाहू आणि समुद्राच्या कडेने परत येऊ.” लिस्बनपासून सिंत्रा पंचवीस-तीस किलोमीटर. ठरवलेल्या गाडीचा चालक निघाला आपल्या दीवचा! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. त्याआधी तिथे जन्मलेल्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि त्या वाटेने कितीतरी दीवकर इकडे आले आहेत. मी त्याला “भाई” म्हटले, त्याने मला “बेन” म्हटले, आणि निम्मी हिंदी, निम्मी गुजराती अशी आमची गाडी सुरू झाली.

सिंत्रा म्हणजे डोंगराच्या कुशीतले गाव. समुद्राकडून येणारे धुके झाडांत अडकून बसते, त्यामुळे उन्हाळ्यातही हवा गार. लिस्बनच्या राजांचे हे महाबळेश्वरच म्हणा ना! डोंगराच्या माथ्यावर पिवळ्या-तांबड्या रंगांचा पेना राजवाडा दिसतो. तो दिसायला परीकथेतला असला, तरी वयाने लहान. एकोणिसाव्या शतकात राणीचा पती फर्नांदो याने तो एका पडक्या मठाच्या जागी बांधवला. गावाच्या चौकातला जुना राजवाडा मात्र शतकानुशतकांचा. त्याची खूण लांबूनच पटते, कारण त्याच्या माथ्यावर पांढऱ्याशुभ्र शंकूच्या आकाराची दोन प्रचंड धुरांडी आहेत, तेहतीस-तेहतीस मीटर उंचीची. ती आहेत मुदपाकखान्याची. भाची म्हणाली, “मावशी, ज्या घराचे धुराडे देवळाच्या शिखराएवढे, तिथल्या पंगती केवढ्या असतील!”

आतल्या दालनांचा थाट पाहून डोळे दिपतात. एका दालनाच्या छतावर सत्तावीस हंस रंगवले आहेत. दुसऱ्याच्या छतावर एकशेछत्तीस मॅगपाय, म्हणजे आपल्या दयाळासारखे काळेपांढरे पण लांब शेपटीचे पक्षी, आणि प्रत्येकाच्या चोचीत राजाचे ब्रीदवाक्य. पुढे एक घुमटी दालन लागते. तिथे पोर्तुगालच्या बहात्तर सरदार घराण्यांची चिन्हे सोन्याच्या झळाळीत मांडली आहेत. मानुएल राजाने ते बांधले. याच राजाच्या हुकमावरून १४९७ साली वास्को द गामाची गलबते निघाली होती. मिऱ्यांचा आणि दालचिनीचा पैसा कुठे गेला, हे या छताकडे पाहिले की कळते.

आणि मग ती खोली येते. खोली काही लहान नाही. आपल्याकडच्या चांगल्या माजघराएवढी असेल. पण इतकी दालने पाहून आल्यावर तिथे एकदम ओकेबोके वाटते. जमिनीवर फार जुन्या, रंगीत चकचकीत फरशा बसवलेल्या आहेत, आणि जागोजागी त्यांचा रंग झिजून गेला आहे. राजाच्या येरझाऱ्यांनी त्या झिजल्या, असे तिथले लोक सांगत आले आहेत. साडेतीनशे वर्षांत इतर पायही तिथून गेले असतील. पण तिथे उभे राहिल्यावर ती गोष्ट खोटी मानायला मन तयार होत नाही.

हा अफोन्सो १६५६ साली गादीवर बसला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. लहानपणीच्या आजाराने त्याचे उजवे अंग अधू झालेले, आणि बुद्धीवरही परिणाम झालेला. कारभार आई लुईझा पाहत असे. पोर्तुगाल साठ वर्षे स्पेनच्या ताब्यात राहून १६४० साली सुटला होता. पण स्पेन ते मान्य करत नव्हता, आणि लढाई चालूच होती. इकडे आशियात डच एकेक ठाणे गिळत होते. अशा वेळी लुईझाबाईंनी इंग्लंडशी सोयरीक जुळवली. २३ जून १६६१ रोजी तह झाला. मुलगी कातारिना, तिलाच आपण कॅथरिन म्हणतो, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायची. तिच्याबरोबर वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेतले टँजिअर आणि आपली मुंबई. आणि त्याच्या बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध फौज व आरमार पुरवायचे. तेव्हा मुंबई दिली ती उदारपणाने नव्हे. शेजाऱ्याच्या धाकाने घर राखण्यासाठी दागिना मोडतात, तशी ती मोडली.

घर राखले गेले, पण राजा राखला गेला नाही. १६६२ साली एका मंत्र्याच्या साहाय्याने अफोन्सोने आईकडून कारभार घेतला. १६६७ साली धाकट्या भावाने, पेद्रोने, तो त्याच्याकडून काढून घेतला. पुढच्या वर्षी अफोन्सोचे लग्न रद्द ठरवण्यात आले आणि त्याच्या राणीने त्याच पेद्रोशी लग्न केले! नावाला राजा अफोन्सोच राहिला. त्याला आधी दूर अझोर बेटांवर धाडले, आणि १६७४ साली परत आणून सिंत्र्याच्या या खोलीत ठेवले. १२ सप्टेंबर १६८३ रोजी तो इथेच वारला.

१६७४ हा आकडा ऐकल्यावर मराठी माणसाच्या कानात चौघडा वाजल्याशिवाय राहील काय? त्याच वर्षीच्या जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला नजराणा घेऊन इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता, आणि आला होता तो मुंबईहून. एका राजाच्या नावाने दिलेल्या बेटावरून निघालेला वकील दुसऱ्या राजाच्या सिंहासनापुढे लवून उभा राहतो, आणि त्याच वर्षी तो पहिला राजा आपल्याच वाड्यात कोंडला जातो. कादंबरीत असे लिहिले असते, तर संपादकांनी ‘योगायोग फार झाला’ म्हणून खोडले असते.

बरे, हे आंदण तरी सुखाने पोचले का? इंग्रजांचे आरमार १६६२ साली मुंबईला आले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो ताबा देईना. बंदर हातचे गेले की सगळेच हळूहळू जाईल, हे त्याला दिसत होते. आंदण म्हणजे एवढे एक बेट की साष्टीसकट सगळा टापू, यावरही वाद. बिचारे इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत पडले, आणि तापाने किड्यामुंग्यांसारखे मेले. त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमनही तिथेच वारला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने ताबा घेतला, तो दोना इग्नेझ द मिरांदा या बेटाच्या मालकीणबाईंच्या वाड्यात. मग चार्ल्स राजाच्या ध्यानात आले की, या दागिन्याच्या उत्पन्नापेक्षा खर्चच जास्त. १६६८ साली त्याने वर्षाला दहा पौंड खंडावर ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

खोलीतून बाहेर पडल्यावर आम्ही कोलारिशच्या रस्त्याला लागलो. डाव्या-उजव्या हाताला जुन्या बागांच्या शेवाळलेल्या भिंती. त्यांतली एक मिळकत म्हणजे ‘पेन्या व्हेर्द’. ती खासगी असल्यामुळे आत जाता आले नाही, पण ती पाहण्याचा माझा हट्ट होता, कारण ती जुआंव द कास्त्रोची. हा पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर, आणि अखेरच्या दिवसांत व्हाइसरॉय. माणूस विद्वान होता. १५३८-३९ साली गोव्याहून दीवला जाताना त्याने आपल्या किनाऱ्यावरची बंदरे रेखाटली आणि घारापुरीच्या लेण्यांचे कौतुकाने वर्णन करून ठेवले.

दीवचे नाव निघताच आमच्या भाईने मागे वळून पाहिले. मी त्याला दाढीची गोष्ट सांगितली. १५४६ साली गुजरातच्या फौजेने दीवच्या किल्ल्याला वेढा घातला. कास्त्रोने तो उठवला. पण त्याचा मुलगा तिथे मारला गेला आणि किल्ल्याची पार दाणादाण झाली. पुन्हा बांधायला पैसा नाही. गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागायचे, तर तारण काय द्यावे? मुलाच्या अस्थी द्याव्यात, असे आधी त्याच्या मनात आले. पण त्या उकरून काढण्याजोग्या नव्हत्या. तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस कापून गहाण म्हणून पाठवले! गोवेकरांनी पैसे दिले आणि दाढी साभार परत केली. भाई खळखळून हसला. म्हणाला, “बेन, आज बँकेत नेली तर शिपाईसुद्धा आत सोडणार नाही.”

पण याच कास्त्रोच्या बागेत आपली एक वस्तू येऊन पडली, ती आठवून मला हसू येईना. सोमनाथ पाटणची एक संस्कृत शिळा समुद्रापार आणून इथे शोभेला बसवण्यात आली. इथे ती कुणाला वाचता येईना. अडीचशे वर्षांनी चार्ल्स विल्किन्सने तिचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे विद्वानांनी ती ‘सिंत्रा प्रशस्ति’ या नावाने छापली. १२८७ सालचा तो लेख आहे. त्रिपुरांतक नावाच्या एका शैव साधूने केदार, प्रयाग, आपले गोदातीरीचे त्र्यंबक आणि रामेश्वर अशी यात्रा केली आणि सोमनाथाला येऊन पाच देवळे बांधली, ही त्यातली हकिकत. सगळा देश पायी हिंडलेल्या यात्रेकरूचे नाव अखेर कुठे येऊन राहिले, पाहा! घारापुरीची शिळा तर याहून दुर्दैवी. लेण्याच्या दारावरचा लेख उतरवून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, असे जुना इतिहासकार दियोगु दु कौतू लिहितो. तो आजवर कुणाला सापडलेला नाही.

तिथून गाडी काबो दा रोकाला गेली. युरोपच्या भूमीचे हे अगदी पश्चिमेचे टोक. दीडशे मीटरांच्या आसपास उंचीचा कडा, खाली फेसाळणारा अटलांटिक, आणि असा वारा की पदर खांद्यावर ठरेना. मग किनाऱ्याच्या रस्त्याने कश्कायश गावी उतरलो. इथून तेजो नदीचे मुख जवळच. १६६२ च्या एप्रिलमध्ये कातारिनाचे जहाज याच पाण्यातून इंग्लंडला गेले. एकतीस वर्षांनी विधवा होऊन ती परतली, तीसुद्धा फ्रान्स-स्पेनमधून खुष्कीने.

समुद्राकडे तोंड करून भाई म्हणाला, “आमच्या दीवच्या दर्यात एक सुलतान बुडाला होता, ठाऊक आहे?” ठाऊक असणारच, कारण तो बहादूरशहा आमच्या वसईचा पहिला दाता. हुमायून चालून येतो या धास्तीने १५३४ साली त्याने तह करून वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. १५३७ साली त्यांच्याच गव्हर्नरच्या जहाजावरून परतताना चकमक झाली आणि तो दीवच्या पाण्यात संपला. मुंबई दोनदा दिली गेली, आणि दोन्ही वेळा देणारा भेदरलेला होता. एकाला समुद्राने गिळले, दुसऱ्याला या डोंगरातल्या खोलीने. ज्याला मुंबई मिळाली त्या चार्ल्सने, जिच्याबरोबर ती गेली त्या कातारिनाने आणि ज्याच्या नावाने ती दिली त्या अफोन्सोने मुंबई कधी डोळ्यांनीही पाहिली नाही. आणि मुंबादेवीला नारळ वाहून होड्या लोटणारे कोळी, ताडीची झाडे राखणारे भंडारी, भातशेती करणारे कुणबी, यांचे मत तर त्या कोणत्याच तहात कुणी विचारले नाही.

मुंबईतल्या माणसांनी आपले मत मोठ्याने सांगितले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. त्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. तेव्हाची मुंबई कुणी आंदण दिलेली नव्हती.

कश्कायशच्या धक्क्यावर मासेमारीच्या होड्या नांगरून पडल्या होत्या. जाळ्यांचे ढीग, त्यांवर घिरट्या घालणारे पक्षी, आणि वास अगदी आमच्या वसई कोळीवाड्याचा. एक म्हातारा दोन पायांच्या बोटांत जाळे ताणून फाटलेली दोरी सांधत बसला होता. भाईने त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये चार शब्द केले. आम्ही कुठल्या, असे त्याने विचारले असावे, कारण भाईने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, “बुंबाईं!” म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पुन्हा गाठ मारायला घेतली.