बॅटमॅनची गाडी चाकणहून : सिनेमातल्या गाड्यांच्या ‘स्पेशल एडिशन’ किती खऱ्या?

निर्णा (जि. बीदर) : पुण्याहून सोलापूर, हुमनाबाद, जहिराबाद करत हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर तासभर थांबलं तरी तीन राज्यांच्या पासिंगच्या गाड्या दिसतात. एमएच-१३, एमएच-२४, केए-३२, केए-३८ आणि पुढे तेलंगणाच्या. याच वाटेवर एखादी काळी, सोनेरी ब्रेकची, दारावर वटवाघळाचं चित्र असलेली गाडी दिसली तर दचकू नका. ती ‘बॅटमॅन’ची गाडी आहे आणि ती पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेली आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये महिंद्रानं आपल्या ‘बीई ६’ या इलेक्ट्रिक गाडीची ‘बॅटमॅन एडिशन’ जाहीर केली. आधी ३०० गाड्या काढायच्या ठरल्या होत्या. मागणी बघून आकडा ९९९ वर नेला. २३ ऑगस्टला बुकिंग उघडलं आणि कंपनीच्या सांगण्यानुसार १३५ सेकंदांत सगळ्या गाड्या बुक झाल्या. तेव्हा किंमत होती २७ लाख ७९ हजार रुपये, एक्स-शोरूम. ज्या साध्या मॉडेलवर ती बेतली आहे, त्यापेक्षा ही किंमत सुमारे ८९ हजारांनी जास्त होती.

आता प्रश्न असा, की या जादा पैशांत सिनेमातली गाडी किती मिळते आणि नुसतं तिचं नाव किती मिळतं? हा प्रश्न एकट्या महिंद्राचा नाही. जगभरात अशा गाड्या निघत आल्या आहेत. त्या कशा तपासायच्या, ते या लेखात बघू.

तपासायच्या चार गोष्टी

सिनेमातल्या गाडीला मानवंदना म्हणून काढलेली कोणतीही गाडी चार प्रश्नांवर घासून बघता येते.

१. मूळ गाडी तीच आहे का? म्हणजे सिनेमात जी कंपनी, जे मॉडेल होतं, त्याच घराण्यातली ही आहे का?
२. रंगरूप जुळतं का?
३. इंजिन, गिअर, आवाज, म्हणजे गाडी चालवताना जे जाणवतं, ते जुळतं का?
४. सिनेमात ती गाडी जे काम करते, त्यातलं काही ही करते का?

बहुतेक स्पेशल एडिशन दुसऱ्या प्रश्नावर पास होतात आणि चौथ्यावर नापास. का, ते उदाहरणांवरून कळेल.

बॅटमॅन : एकाच गाडीच्या दोन नकला

महिंद्राची एडिशन ख्रिस्तोफर नोलनच्या तीन चित्रपटांवर बेतलेली आहे : ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५), ‘द डार्क नाइट’ (२००८) आणि ‘द डार्क नाइट राइजेस’ (२०१२). या चित्रपटांत बॅटमॅन जी गाडी चालवतो तिचं नाव ‘टम्बलर’. ती रणगाडा आणि रेसची गाडी यांच्या मधलं काहीतरी आहे. रुंदी २.८ मीटरच्या आसपास, वजन दोन टनांच्या पुढे, मागे चार अजस्र टायर, पुढच्या चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल नाही, आणि आत ५.७ लीटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. ही गाडी कॉम्प्युटरवर काढलेली नव्हती. चित्रीकरणासाठी ती खरोखर बांधली आणि रस्त्यावर पळवली.

चाकणच्या गाडीत काय आहे? साटिन काळा रंग, पुढच्या दारांवर बॅटमॅनचं चित्र, सोनेरी रंगवलेले सस्पेन्शन आणि ब्रेक कॅलिपर, २० इंची अलॉय चाकं. वटवाघळाचं चिन्ह चाकांच्या मधोमध, पुढच्या बाजूंवर, मागच्या बंपरवर, काचांवर, छतावर, आत बूस्टच्या बटणावरसुद्धा आहे. दार उघडलं की दिव्यातून तेच चिन्ह जमिनीवर पडतं. डॅशबोर्डवर गाडीचा क्रमांक कोरलेली सोनेरी पट्टी आहे. स्पीकरमधून येणारा, बॅटमोबाइलवरून सुचलेला आवाजही दिलेला आहे. यंत्र मात्र साध्या ‘बीई ६’चंच : ७९ किलोवॅट-तास बॅटरी, मागच्या चाकांना ताकद देणारी २१० किलोवॅटची मोटर.

चार प्रश्न लावून बघा. मूळ गाडी तीच? नाही. रंग? बराच जवळ, टम्बलरही काळीच होती. इंजिन आणि आवाज? एक पेट्रोलची व्ही-८, दुसरी बिनआवाजाची इलेक्ट्रिक, आवाज वरून घातलेला. काम? अर्थातच नाही.

यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिनेमातल्या टम्बलरवर वटवाघळाचं चिन्ह मिरवलेलं नव्हतं. सैन्यासाठी बनवलेलं आणि नंतर गोदामात पडून राहिलेलं वाहन, अशी तिची गोष्ट होती, त्यामुळे नक्षीला जागाच नव्हती. एडिशनमध्ये मात्र जिकडे बघावं तिकडे वटवाघूळ. कारण उघड आहे. टम्बलर तिच्या आकारावरूनच ओळखू येते. ‘बीई ६’चा आकार वेगळा, म्हणून तिला नाव लिहून सांगावं लागतं.

मग हुबेहूब टम्बलर मिळतच नाही का? मिळते. २०२४ मध्ये ‘वेन एंटरप्रायझेस एक्स्पीरियन्स’ या नावाखाली वॉर्नर ब्रदर्सच्या परवान्यानं फक्त १० टम्बलर बांधायचं जाहीर झालं. प्रत्येकीची किंमत सुमारे ३० लाख डॉलर, आत ६.२ लीटरचं व्ही-८ इंजिन, धुराचा पडदा, खोट्या तोफा, सगळं. पण ती रस्त्यावर नेता येत नाही, पासिंगच होत नाही. म्हणजे दूध आणायला जायची सोय नाही.

बाँडची डीबी५ : छत उघडतं, सीट उडत नाही

हीच गोष्ट ब्रिटिश कंपनी अ‍ॅस्टन मार्टिनची. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडची रुपेरी डीबी५ गाजली. फिरणारी नंबर प्लेट, मागून तेल सांडणारी नळी, धूर, पुढे मशीनगन आणि शत्रूला छतातून उडवून देणारी सीट.

२०१८ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की अशा २५ गाड्या पुन्हा बांधून विकायच्या, तेही न्यूपोर्ट पॅग्नेलच्या त्याच जागी, जिथं जुन्या डीबी५ बनत. बाँडपटांचे स्पेशल इफेक्ट्स करणारे ख्रिस कॉर्बोल्ड यांना सोबत घेतलं. हेच कॉर्बोल्ड नोलनच्या बॅटमॅनपटांवरही होते. किंमत २७ लाख ५० हजार पौंड, कर वेगळा. पहिली गाडी २०२० मध्ये तयार झाली.

इथं चारही प्रश्नांना जवळजवळ ‘हो’ असं उत्तर येतं. तीच कंपनी, तोच रंग, सहा सिलिंडरचं चार लीटरचं तसंच इंजिन. नंबर प्लेट फिरते, धूर निघतो, मशीनगनच्या नळ्या बाहेर येऊन लुकलुकतात. सीट मात्र उडत नाही. तिच्या वरचा छताचा तुकडा तेवढा काढता येतो. आणि एवढे पैसे मोजूनही ही गाडीसुद्धा रस्त्यावर चालवायला परवानगी नाही.

यातून एक नियमच हाती लागतो : नक्कल जितकी हुबेहूब, तितकी ती रस्त्यापासून लांब. शोरूममधून थेट पासिंग होणारी एडिशन हवी असेल, तर रंग आणि चिन्ह यांच्या पुढं फारसं काही मिळत नाही.

बुलिट मस्टँग : साध्या गाडीचं सोपं पडतं

या नियमाला एक सुटका आहे. सिनेमातली गाडी मुळातच बाजारात मिळणारी असेल, तर काम सोपं होतं. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीची ‘बुलिट’ मस्टँग हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण.

१९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन हिरव्या मस्टँग जीटी ३९० मधून सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर पाठलाग करतो. फोर्डनं त्या गाडीची आठवण म्हणून तीनदा एडिशन काढली : २००१ मध्ये, मग २००८-०९ मध्ये आणि शेवटी २०१९-२० मध्ये. शेवटची सगळ्यात नेटकी. गर्द हिरवा रंग, पुढच्या जाळीवर घोड्याचं चिन्ह नाही, ऑटोमॅटिक गिअर मिळतच नाही, फक्त हातानं टाकायचा सहा गिअरचा. इंजिन पाच लीटरचं व्ही-८, ताकद ४८० हॉर्सपॉवर.

पण इथंही धंद्यानं तडजोड केलीच. सिनेमात गाडी एकाच रंगाची होती. २००१ ची एडिशन हिरव्यासोबत निळ्या आणि काळ्या रंगातही विकली. २०१९ ची काळ्या रंगातही मिळायची. शिवाय सिनेमातल्या गाडीवरची कंपनीची चिन्हं काढून टाकलेली होती. एडिशनच्या मागे मात्र ‘बुलिट’ असं ठसठशीत लिहिलेलं. इथंही वटवाघळासारखंच झालं.

रंगाची अशीच गंमत ब्रिटनमध्ये झाली. १९६९ च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये तीन मिनी पळतात : लाल, पांढरी, निळी. १९९२ मध्ये रोव्हर कंपनीनं त्या नावानं मिनीची एडिशन काढली, तेव्हा त्यात चौथा हिरवा रंगही घातला.

आणि खऱ्या गाडीचं काय झालं? ‘बुलिट’मधली मुख्य मस्टँग एका अमेरिकन कुटुंबानं १९७४ मध्ये सहा हजार डॉलरला घेतली आणि घरच्या कामाला वापरली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात तिचा लिलाव झाला, ३७ लाख ४० हजार डॉलरला. ती रंगवून नवी केलेली नव्हती. उडालेला रंग, गंज, सगळं होतं तसं ठेवलं होतं. लोकांनी पैसे मोजले ते त्या खरेपणाला.

आपल्याकडे काय?

भारतीय सिनेमात लक्षात राहिलेल्या गाड्या कमी नाहीत, पण त्या बहुधा एकेकट्या बांधलेल्या. २००४ च्या ‘टारझन : द वंडर कार’मधली जांभळी गाडी दिलीप छाब्रिया यांनी टोयोटाच्या एमआर२ वर तयार केली होती. २०२४ च्या ‘कल्कि २८९८ एडी’मधली सहा टनांची ‘बुज्जी’ महिंद्रा आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हज यांनी मिळून बांधली. तेलुगू सिनेमा आपल्या भागात आवडीनं बघतात, त्यामुळे बुज्जी इथल्या पोरांना बॅटमॅनच्या गाडीपेक्षा जास्त ओळखीची असेल. ती खरोखर चालते, पण विकायला काढायची वस्तू नव्हे.

आणि सगळ्यात लाडकं वाहन तर कारच नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेल्या ‘शोले’मधली जय-वीरूची साइडकारवाली मोटारसायकल. चित्रपट आपल्याच कर्नाटकात, रामनगरच्या खडकांत चित्रित झाला. ती गाडी ब्रिटिश बनावटीची बीएसए डब्ल्यूएम२०, ४९६ सीसी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं लष्करी मॉडेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये पणजीच्या इफ्फी महोत्सवात ती लोकांना बघायला ठेवली होती.

योगायोग असा, की बीएसए हे नाव आज महिंद्राची भागीदारी असलेल्या क्लासिक लेजंड्स कंपनीकडे आहे आणि त्यांची ६५२ सीसीची ‘गोल्ड स्टार’ भारतात आली तीही १५ ऑगस्टला, २०२४ मध्ये. उद्या कुणी ‘शोले एडिशन’ काढलीच, तर तिच्यावर नाव किती मोठं लिहिलंय ते बघू नका. आधी साइडकार आहे का ते बघा. ती नसेल, तर वीरूला बसायला जागा कुठं?

घेण्याआधी, किंवा घरी करण्याआधी

अशी गाडी घ्यायची असेल तर आधी त्याच कंपनीच्या साध्या मॉडेलची किंमत काढा. दोन्हींतला फरक म्हणजे रंग, चिन्ह आणि क्रमांकाच्या पट्टीची किंमत. ती आपल्याला पटते का, एवढं ठरवा. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ८९ हजार कशाचे दिले हे माहीत असावं. सेकंड हँड घेत असाल तर पट्टीवरचा क्रमांक आणि कंपनीचे कागद जुळवून बघा, कारण चिकटवायची चिन्हं बाजारात कुणालाही मिळतात.

काही जण जुनी गाडी गॅरेजला नेऊन घरचीच ‘बॅटमॅन’ करायला निघतात. त्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचावं. कंपनीनं दिलेली आणि आरसीवर नोंदलेली मूळ रचना मनानं बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. पूर्ण रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. हा कायदा केंद्राचा, त्यामुळे बीदर असो, लातूर असो की सोलापूर, नियम एकच. सीमा ओलांडली म्हणून सुटका नाही.