वार्धक्याचे प्रणाली-जीवविज्ञान

वार्धक्य हे एका जनुकाचे किंवा अवयवाचे कार्य नसून शरीरातील अनेक प्रक्रियांच्या परस्परसंबंधांतून घडते, असे मानणारी अभ्यासशाखा. जनुके, प्रथिने, चयापचय, आहार आणि आजार यांची माहिती एकत्र करून त्यांचे जाळे गणिती पद्धतींनी उलगडले जाते.

विकास : १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी डॅफ-२ या एका जनुकातील बदलाने सूत्रकृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, हे दाखवले. हे जनुक इन्सुलिनसदृश संकेतमार्गाचे असल्याने त्याचा परिणाम चयापचयापासून ताण सोसण्यापर्यंत पोहोचतो. २०१३ मध्ये लोपेझ-ओटिन व सहकाऱ्यांनी वार्धक्याची नऊ लक्षणे मांडली. २०२३ मध्ये ती बारा झाली. २०१३ मध्येच स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरील ३५३ ठिकाणचे मिथिलीकरण (मिथिल गट जोडले जाणे) मोजून वय सांगणारे ‘घड्याळ’ तयार केले.

महाराष्ट्रातील अभ्यास : पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किग्रॅ. होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किग्रॅ. मात्र पाठीवरच्या त्वचेची घडी चिमटीत धरून मोजली, तेव्हा पुण्याच्या किडकिडीत बाळांची चरबी वजनाच्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुढे गरोदरपणी बी-१२ कमी व फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिनरोध सर्वाधिक आढळला. डीएनएच्या मिथिलीकरणास लागणारे मिथिल गट पुरवणाऱ्या साखळीत ही दोन्ही जीवनसत्त्वे असतात. म्हणून उतारवयातील मधुमेहाचा शोध गर्भावस्थेपासून घ्यावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचे काम प्रयोगशाळेतले नसले, तरी मातेच्या व बालकाच्या आरोग्यावर भर असल्याने या विषयाशी जवळचे आहे. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. गरोदर मातेची देखरेख, सुरक्षित बाळंतपण, मुलांचा आहार आणि स्वच्छ पाणी ही कामे या सेविकांनी एकत्र हाताळली.

मर्यादा व महत्त्व : वार्धक्याची अनेक घड्याळे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेली असल्याने ती भारतीयांत पडताळावी लागतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८ मधील पाहणीत ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक भारतीयांचा समावेश होता; त्यात बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून तपासणीसाठी जपले गेले. दीर्घायुष्य निरोगी व्हायचे, तर वृद्धांच्या उपचारांइतकेच गरोदर मातेच्या पोषणाकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.