कुरळ्या केसांचा गुंता आणि जटेची भीती

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, आज केसांवर बोलू. तेही कुरळ्या केसांवर. हसू नका, विषय वाटतो तेवढा हलका नाही.

आमच्या मीरा-भाईंदरच्या गटांत उत्तन-डोंगरीकडच्या कोळी-आगरी बायका आहेत, तशा कोल्हापूर, सोलापूर, साताऱ्याकडून पोटापाण्यासाठी आलेल्याही आहेत. वही मिटली की गप्पा सुरू होतात. कुणाच्या कुरळ्या केसांच्या लेकीला शाळेत ‘झिपरी’ म्हणून चिडवतात, तर कुणाची लेक पार्लरमध्ये केस सरळ करायला पैसे मागते. आणि मग गावाकडची एखादी मावशी हळूच विचारते, “अगं, गुंता सुटलाच नाही तर जट होते ना? मग कापायची नसते ना?” हे बोलणं त्या मावशीसाठी आहे.

आधी थोडं आमच्या शेजारचं पाहू. भाईंदरहून लोकलने मीरा रोड, दहिसर आणि मग बोरिवली. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. खडकात कोरलेल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात सोपारा आणि कल्याणचे व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, घरसंसारी बायकाही आहेत. सोपारा म्हणजे खाडीपलीकडचं आजचं नालासोपारा. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना सुमारे 23 फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. बुद्धाच्या मूर्तीत केस दाखवायची जुनी रीत म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी बारीक बारीक वळणं. सिद्धार्थाने घर सोडल्यावर तलवारीने केस कापले आणि उरलेले दोन बोटांचे केस उजवीकडे वळून तसेच राहिले, अशी बौद्ध कथा आहे. म्हणजे ज्या केसांना आज ‘झिपरे’ म्हणतात, त्यांना कारागिरांनी शतकानुशतकं महापुरुषाचं लक्षण म्हणून छिन्नीने घडवलं. जुन्या काव्यातही नायिकेच्या कपाळावर कुरळी बटच असते. सरळ केस म्हणजे नीटनेटके आणि कुरळे म्हणजे अस्ताव्यस्त हे आपल्या मनात फार उशिरा बसलं, आणि त्यात जाहिरातींचा मोठा हात आहे असं आम्हाला वाटतं.

आता गुंत्याकडे येऊ. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केस घरंगळून जमिनीवर पडतो. कुरळा केस गळला तरी शेजारच्या केसांच्या वळणात अडकून राहतो. शिवाय डोक्याच्या कातडीतून सुटणारं तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून कुरळे केस कोरडे, खरखरीत राहतात आणि एकमेकांत गुंततात. त्यात बाळंतपण, लांबलेलं आजारपण किंवा ऊसतोडीचा हंगाम आला की आठवडेच्या आठवडे फणी लागत नाही. तेल, धूळ आणि घाम मिळून गुंत्याचा नमदा होतो. तीच जट. कुणाच्याही केसांची होऊ शकते, कुरळ्यांची लवकर होते एवढंच.

पण आपल्याकडे या नमद्याला ‘देवीचं बोलावणं’ म्हटलं गेलं. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा तुम्हाला ठाऊक आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात मुलीच्या डोक्यात जट दिसली की तिला देवीला सोडायची चाल होती. सोडलेली मुलगी देवदासी व्हायची. तिला लग्न करायची मुभा नसायची आणि पुढे तिच्या वाट्याला काय यायचं ते वेगळं सांगायला नको. हे बहुतेक गरीब, दलित घरांतल्या मुलींच्या बाबतीत घडायचं. ‘जोगवा’ हा मराठी सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. त्यातल्या सुलीचं आयुष्य डोक्यातल्या जटेपासूनच फिरतं. या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली आणि महाराष्ट्रात 2005 चा कायदा आला. आज मुलीला देवाला सोडणं हा गुन्हा आहे. मुलगी सोडणं कमी झालं, पण जटेची भीती कायद्याने जात नाही. “कापली तर घरातलं कुणी दगावेल, नवऱ्याच्या जिवाला धोका,” असं ऐकलं की बाई किलोकिलोचं ओझं मानेवर वागवते. मान आखडते, उवा होतात, नीट झोप लागत नाही.

ही भीती फक्त आपल्याच मुलखातली नाही. युरोपात पोलंडमध्येही शेतकरी घरांत अशा जटा असायच्या. शरीरातला आजार केसांतून बाहेर येतो आणि जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असं तिथे मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव शहरातल्या युझेफ डीतल नावाच्या डॉक्टरांनी अभ्यास करून सांगितलं की हा आजार नाही, अस्वच्छतेने झालेला गुंता आहे, कापून टाका. हळूहळू तिथल्या जटा गेल्या.

आपल्याकडे हे काम केलं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली समिती सुरू केली. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं नाव यात आवर्जून घ्यायला हवं. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या, म्हणजे केसांचं काम हातात मुरलेलं. त्यांनी गावोगावी जाऊन अनेक बायकांच्या जटा सोडवल्या. आम्हाला यात महत्त्वाची वाटते ती कात्री नाही, त्याआधीचं बोलणं. बाईला बसवून, घरच्यांना बसवून, भीती काय आहे ते ऐकून घ्यायचं आणि ती स्वतः हो म्हणाली की मगच हात लावायचा. जबरदस्तीने कापलेली जट भीती तशीच ठेवून जाते.

बाईच्या केसांवर दुसऱ्यांनी हुकूम चालवायची गोष्ट जुनीच आहे. कुठे ‘कापायचे नाहीत’, तर कुठे ‘ठेवायचे नाहीत’. विधवांच्या केशवपनाविरुद्ध 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही या कामाला वस्तरा लावणार नाही. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच नकार दिला!

आता त्या मावशीच्या प्रश्नाचं रोजचं उत्तर. कुरळे केस कोरडे असताना विंचरू नका, तुटतात आणि फुलून पिंजारतात. न्हाताना केस ओले असतानाच, थोडं तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करा आणि वर वर जा. आधी बोटांनी गुंता मोकळा केला तर उत्तम. खाडीकाठी बोअरचं पाणी खारट, जड असतं. अशा पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. म्हणून केसांना अंगाचा साबण नको. शिकेकाई-रिठ्याचा तसा थर बसत नाही. शेवटी मगभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून केसांवरून ओता आणि साध्या पाण्याने धुवा. खसाखसा पुसू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात केस दाबून पाणी टिपा.

वळणं उठून दिसावीत असं वाटत असेल तर जवस घ्या. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा, थंड झाल्यावर घट्ट होतं आणि मग गळत नाही. ओल्या केसांना हे लावून एकेक बट मुठीत खालून वर दाबायची आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. उरलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. फ्रीज नसेल तर तेवढ्यापुरतंच करा, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वास मारतं.