इंजेक्शनांतील विद्रावक जल : एक ऐतिहासिक टिपण

औषधांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. ती ज्या पाण्यात विरघळवून टोचली जातात त्या पाण्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. पाणी हे केवळ वाहन होय, ही समजूत त्याच्या मुळाशी असावी. ती रोग्यांना महाग पडली आहे.

१९१० साली बाजारात आलेले सालव्हर्सान भुकटीच्या रूपात मिळे व डॉक्टरने ते स्वतः विरघळवून घ्यावयाचे असे. टोचल्यानंतर रोग्यास पुष्कळदा हुडहुडी भरून ताप येई, आणि दोष औषधाच्या माथी मारला जाई. पाण्याविषयी काहींनी संशय व्यक्त केला होता. परंतु पाणी उकळून जंतू मारल्यावरही ताप येतो, ह्याचा उलगडा होत नव्हता. तो फ्लॉरेन्स सायबर्ट ह्या विदुषीने येल विद्यापीठात केला व १९२३ साली प्रसिद्ध केला. जंतू मरतात, पण त्यांच्यातील ज्वरकारी द्रव्य उकळल्याने नाहीसे होत नाही. ऊर्ध्वपातन करताना वाफेबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून ते शुद्ध पाण्यात उतरते. हे तुषार अडविणारे उपकरण तिने योजिले. निर्जंतुक पाणी ज्वरकारक असू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. सशांवरील ज्वरपरीक्षा मात्र अमेरिकन औषधकोशात १९४२ साली आली.

ज्वररहित शुद्ध पाणीही सर्वत्र चालत नाही. ते मोठ्या प्रमाणात शिरेत गेल्यास तांबड्या पेशी फुटतात, ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात तसे होत नाही. उलट अँफोटेरिसिन-बी ह्याच द्रावणात साकळते.

एकाच कुपीतून अनेकदा औषध काढावयाचे, तर पाण्यात जंतुरोधक हवा. त्यासाठी बहुधा बेंझिल अल्कोहोल घालतात, आणि तेही ०.९ टक्केच! (आकड्यांचे हे साम्य घोटाळ्यास पोषक आहे.) प्रौढाचे यकृत त्याचे बेंझॉइक आम्ल करून, त्यास ग्लायसिनची जोड देऊन, ते मूत्रावाटे निघून जाईल असे करते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या यकृतास हे साधत नाही. १९८२ साली अमेरिकेतील दोन रुग्णालयांतून अशा १६ नवजात अर्भकांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांच्या शिरांतील नळ्या धुण्यासाठी हेच द्रावण वापरले होते. आम्ल साचून अर्भके धापा टाकू लागत. द्रावण निर्जंतुक होते, ज्वररहितही होते. अशा कुप्यांवर आता नवजात अर्भकांसाठी वापरू नये, अशी सूचना छापलेली असते.