‘मिआझ्मा’ : दुर्गंधीचा शब्द आणि शहराची गटारे

‘मिआझ्मा’ हा मूळचा ग्रीक शब्द. डाग पाडणे, विटाळणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून तो तयार झाला. हत्या करणाऱ्याला रक्ताचा विटाळ लागतो असे प्राचीन ग्रीक मानत. त्या विटाळालाही हाच शब्द होता. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय ग्रंथांत तो हवेतील रोगकारक दोषासाठी आला. पुढे युरोपात दलदलीतून व कुजणाऱ्या पदार्थांतून उठणाऱ्या विषारी वाफांना मिआझ्मा म्हणू लागले. इटालियन भाषेतून आलेल्या ‘मलेरिया’ शब्दाचा अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. मराठीतील ‘हिवताप’ मात्र आजाराचे लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून विज्ञान बदलले तरी तो खोटा ठरला नाही.

शब्दात दडलेली कल्पना किती महाग पडू शकते, हे लंडनमध्ये दिसते. दुर्गंधी हाच रोग, असे एडविन चॅडविक यांचे मत होते. सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणांत त्यांचा मोठा वाटा होता. याच समजुतीने १८४०च्या दशकाच्या अखेरीस घरांखालच्या मैलाटाक्यांतील घाण गटारांवाटे थेम्स नदीत सोडली गेली. घरांतला वास कमी झाला. पण अनेक लोक त्याच नदीचे पाणी पीत होते. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये कॉलऱ्याने सुमारे १४,००० माणसे दगावली.

कॉलरा पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो यांनी १८४९ मध्ये मांडले आणि १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या अभ्यासातून त्याला पुरावा दिला. तरीही बहुतेक तज्ज्ञ मिआझ्मालाच चिकटून राहिले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी संसद भवनात असह्य झाली, तेव्हा कुठे नव्या गटारांसाठी कायदा झाला. अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी मैला शहराच्या पूर्वेला दूर नेणारी मोठी गटारे बांधली. हेतू वास घालवण्याचा होता. प्रत्यक्षात पाणी सुधारले. १८६६ ची साथ मुख्यतः पूर्व लंडनमध्ये पसरली. तेथील गटारांचे काम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूचा अभ्यास केला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी आढळला. ‘वाईट हवे’चा सिद्धांत मागे पडला, ‘मलेरिया’ हे नाव मात्र तसेच राहिले.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच चुकीच्या सिद्धांतातून नदीत घाण सोडण्याची योजनाही निघाली आणि ती घाण दूर नेणारी गटारेही निघाली. वास हे धोक्याची सूचना देणारे लक्षण आहे, पण ते धोक्याचे मोजमाप नव्हे. वास न येणारे पाणीही दूषित असू शकते. म्हणून योजना यशस्वी झाली की नाही, हे नाकाने नव्हे, तर पाण्याच्या तपासणीने ठरवावे लागते.