फ्रंट पॅनेलवरील अक्षरे (घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणे)
घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायर, पॉवर सप्लाय इत्यादींच्या दर्शनी पत्र्यावरील नावे व खुणा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात. पॅनेल मात्र हौशी कारागीर स्वतःच सजवतात. पूर्वी लेट्रासेटची (घासून उमटवायच्या तयार अक्षरांच्या कागदावरील) अक्षरे घासून उतरवत व वर पारदर्शक लॅकर फवारत. आता संगणकावर मूळ मापाचा आराखडा करून तो पारदर्शक फिल्मवर उलटा छापतात. छापील बाजू आत ठेवून चिकटवल्याने बोटे लागून अक्षरे पुसत नाहीत; हीच सर्वांत उपयुक्त युक्ती. पत्रा गडद असल्यास फिल्मच्या मागे पांढरा थर हवाच. भोके आधी पाडून कानशीने साफ करावीत. पोटेन्शिओमीटरची फिरत साधारण ३००° असते, म्हणून त्याच्या नॉबभोवतीच्या ० ते १० या अंकांत ३०° अंतर ठेवतात.